अप्पांच्या जीपचा धाकटा डबा

पूजेला बसल्यावर देवघराचं दार सताड उघडं ठेवणारा लिंगायत मी अप्पांच्या आधी पाहिला नव्हता आणि नंतरही कुठं दिसला नाही. भालकीत त्यांच्या घरी मी भाडेकरू म्हणून राहायला गेले त्याच्या पहिल्याच सकाळी हा प्रकार बघितला. चौकाच्या एका अंगाला माझी खोली, समोर देवघर. अप्पा कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन डोळे मिटून बसले होते. मी कळशी घेतली, चपला पायात सरकवल्या, आणि आतून खणखणीत आवाज आला.

"कोन आलंय?"

"कुनी न्हाई अप्पा, मीच हाय. पानी आनायला जायलेय."

"बरं," असं म्हणून त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

मला वाटलं, नव्या बिऱ्हाडावर नजर ठेवतायत. पण हे रोजचंच होतं. दाराशी पाऊल वाजलं की पूजा थांबायची, "कोन आलंय?" व्हायचं, आणि आलेला माणूस अडचणीत असेल तर अप्पा लिंग वस्त्रात बांधून गळ्यात अडकवायचे आणि सरळ उठून यायचे. गावात यावरून हसायचे. मठातल्या स्वामींनी एकदा घरी येऊन सुनावलं, "मन दाराकडं आसंल तर हातात लिंग धरून काय उपेग?" अप्पांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी दार उघडंच.

मी तेव्हा सरकारी दवाखान्यात नर्स होते. खेडोपाडी जाऊन बाळंतपणं करायची हे मुख्य काम. लातूरकडची, एकटी, आणि तोंडानं फटकळ, त्यामुळे भालकीत मला खोली द्यायला कोणी धजत नव्हतं. अप्पांनी दिली. का दिली असं मीच विचारलं, कारण मला आडून आडून बोलता येत नाही.

"तुमच्याकडं येळी-अयेळी मानसं येनार," ते म्हणाले. "आमचं दार तसंबी उगडंच आसतंय."

अप्पांचा तेलाचा घाणा होता. करडईचं आणि जवसाचं तेल घाण्यावर निघायचं. एरंडेल मात्र त्यांच्या बायको, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं, त्या स्वतः काढायच्या. एरंड्या भाजायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, आणि वर येणारं तेल पळीनं अलगद उचलायचं. अप्पा उंच, पाठीत थोडे वाकलेले, डोक्याला पांढरा रुमाल, आणि कोपरापासून मनगटापर्यंत कायम तेलानं चकाकणारे. कुठलंही तेल बोटावर घेऊन आधी हुंगायचे, मग जिभेवर ठेवायचे. "तेल खोटं बोलत न्हाई बाई," म्हणायचे. "खोटं मानूस बोलतंय." फसवणाऱ्या व्यापाऱ्याला ते शिवी द्यायचे नाहीत, "करडईत जवस मिसळलेला दिसतोय" एवढंच म्हणायचे आणि पाठ फिरवायचे.

आता जीपकडं येते, कारण अप्पांबद्दल बोलायचं आणि जीपबद्दल बोलायचं नाही हे जमण्यासारखं नाही.

महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाड्या हैदराबादेत विकायला काढल्या होत्या. अप्पांनी त्यातली एक जीप घेतली. तेलाचे डबे पावसाळ्यात खेड्यांच्या बाजाराला पोचवायचे म्हणून. आमच्याकडची काळी माती ज्यानं भाद्रपदात तुडवली आहे त्याला हे वेड वाटणार नाही. त्या चिखलात बैल बसतो, मग इतर गाड्यांचं काय घेऊन बसलात. पण या जीपच्या पोटात, नेहमीच्या गिअरपेटीच्या मागं, आणखी एक लहानशी लोखंडी पेटी होती. तिच्यामुळे मागच्या चाकांबरोबर पुढची चाकंही ओढायला लागायची, आणि आणखी एक दांडा टाकला की जीप मुंगीच्या चालीनं पण दुप्पट जोरानं चिखलातून वर यायची. कागदावर तिला ट्रान्सफर केस म्हणतात हे मला फार पुढं कळलं. आमच्या घरात ती पेटी म्हणजे 'धाकटा डबा'. घरातल्या धाकट्या पोराविषयी बोलावं तसं बोलायचे. धाकट्याला आज थंडी वाजायलीय. धाकटा आज रुसलाय.

आणि हा धाकटा एरंडेल प्यायचा.

अशा पेटीत काळं जाड गाडीचं तेल घालतात, ग्रीस घालतात. अप्पांना हैदराबादेतच कुणीतरी सांगितलं की ग्रीसमध्ये जनावराची चरबी असते. झालं. ज्या घरात कांदासुद्धा सोमवारी चिरत नाहीत त्या घरच्या माणसानं चरबीचा हात घेऊन लिंगाला कसं शिवायचं? जीप परत करायला निघाले होते. तेव्हा ज्यांनी ती जीप निवडून दिली होती ते बिदरचे मिस्त्री म्हणाले, "अप्पा, ठहरो." त्यांनी तो डबा उतरवला, आतलं एकेक दातेरी चाक रॉकेलमध्ये धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं, आणि अक्कांच्या हातचं एरंडेल आत ओतून डबा बंद केला. मिस्त्री मुसलमान, स्वतः मांस खाणारे. पण म्हणाले, "तुम्हारे डब्बे में मेरे हात से चरबी नै जाती." या एका वाक्यावर दोघांची दोस्ती झाली ती झालीच.

एरंडेल गळायचं. जीप जिथं उभी राहील तिथं खाली एक वर्तुळ उमटायचं, आणि बाजारातली माणसं म्हणायची, "गाडीला एरंडेल पाजलंय, मग जुलाब हुनारच की." मीही हसले आहे. पण या डब्याचं खरं दुखणं वेगळं होतं. मी आले तोवर आतले दाते झिजले होते आणि जोराचा तो दांडा जागेवर टिकत नव्हता. ऐन चिखलात सटकन मागं यायचा आणि जीप जागच्या जागी गुरगुरत बसायची. म्हणून कुणीतरी तो दांडा हातानं दाबून धरायला लागायचं. जीपचं स्टिअरिंग डाव्या अंगाला, तिथं अप्पा. उजवीकडं मी. मधे दांडे. बाळंतपणाला निघाले की औषधांची पेटी मांडीवर आणि दोन्ही हात त्या दांड्यावर, असा माझा प्रवास. मुक्कामाला पोचेपर्यंत तळहाताला घट्टे.

"अप्पा, हे बदला की ओ आता," मी प्रत्येक फेरीला म्हणायची. "नवीन न्हाई तर जुना दुसरा घ्या."

"बदलायचं न्हाई."

"मग उगडून दुरुस्त करून घ्या. बिदरात मिस्त्री काय कमी हाईत?"

"उगडायचं बी न्हाई."

"कामून?"

अप्पा समोर बघत गाडी चालवायचे. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं. हैदराबादचा एक व्यापारी पुरा डबा आणून द्यायला तयार होता. अप्पांनी सगळ्यांना चहा पाजला आणि सगळ्यांना तेच उत्तर दिलं. माणूस कंजूष म्हणावा तर तसा नव्हता. हट्टी म्हणावा तर बाकी कुठल्या गोष्टीत त्याचा हट्ट नव्हता.

शेवटी अक्कांनी मला सांगितलं. आम्ही दोघी परसात एरंड्या कुटत होतो, त्या दिवशी.

पोलीस अॅक्शनच्या, हिंदुस्थानची फौज निजामाच्या राज्यात शिरली त्या वेळची गोष्ट. त्या दिवसांत आमच्या या भागात काय काय झालं ते ज्यांनी पाहिलं ते बोलत नाहीत आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी बोलू नये. आधी एका बाजूनं झालं, मग दुसऱ्या बाजूनं. मिस्त्री तेव्हा धाकट्या डब्याच्या दुरुस्तीसाठी भालकीला अप्पांकडं आले होते आणि अडकून पडले होते. एका सकाळी डबा जोडून झाला. अप्पा पूजेला बसले होते. त्या काळी देवघराचं दार बंद असायचं, आणि पूजेत अप्पांना हाक मारायची नाही हा घराचा नियम होता. तेवढ्यात शेजारचा माणूस पळत आला, बाजारातून जमाव निघालाय, या घरी मुसलमान आहे हे त्यांना कळलंय.

"मी देवघराकडं निगालेच हुते," अक्का म्हणाल्या. मुसळ त्यांनी खाली ठेवलं होतं. "मिस्त्री आडवे आले. म्हनले, 'अक्का, अप्पा कू उठाओ नक्को. पूजा मोडती. मैं पिछाडी से निकल जाताऊँ. डब्बा बंद कर दिया हूँ, बोलना मैं आए बगैर कोई खोलना नै.' आन् परसाच्या भिताडावरून उतरून ज्वारीत शिरले. ज्वारी डोक्याइतकी हुती बाई. एकदा हालली, मग हालली न्हाई."

"आन् तुम्ही हाक मारला न्हाई?"

"न्हाई मारले." अक्कांनी पुन्हा मुसळ उचललं. "नेम हुता घरचा."

अप्पा देवघरातून बाहेर आले तेव्हा जमाव येऊन, घर हुडकून, निघून गेला होता. त्यांनी जीप काढली आणि बिदरच्या वाटेवर नेली. अंधार पडेपर्यंत फिरले. त्या वाटेवर काय दिसलं ते त्यांनी अक्कांनासुद्धा कधी सांगितलं नाही. मिस्त्री दिसले नाहीत. घरी बिदरलाही पोचले नाहीत. ना जिवंत, ना दुसरं काही. दुसऱ्या दिवसापासून देवघराचं दार उघडं राहायला लागलं.

तर डबा का उघडायचा नाही, हे मला तेव्हा कळलं. उघडला तर मिस्त्री येणार नाहीत हे मान्य केल्यासारखं होतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मला माझ्या बायकांचंही वाटत होतं. ज्या दांड्यावर माझे हात होते त्याच दांड्यावर जीपमध्ये मागं निजवलेल्या बाईचा जीव असायचा. मेलेल्या माणसाचा मान राखायला जिवंत माणूस पणाला लावायचा का, हा माझा प्रश्न होता, आणि तो मी अप्पांना विचारू शकत नव्हते, कारण मिस्त्री मेले असं त्या घरात म्हणायची कुणाची छाती नव्हती.

अप्पांच्या इतर कितीतरी गोष्टींचा उलगडा मग होत गेला. मिस्त्रींची बायको बिदरला एकटी राहायची. सुगी झाली की अप्पा बैलगाडीनं तिच्याकडं ज्वारी, तुरीची डाळ आणि दोन तऱ्हेचं तेल धाडायचे, एक करडईचं आणि एक एरंडेल. स्वतः मात्र कधी गेले नाहीत. बिदरला आम्ही रोगी घेऊन जायचो, तेव्हा तिच्या गल्लीच्या तोंडाशी आलं की अप्पा गाडीचा वेग वाढवायचे आणि नजर रस्त्यावर रोखायचे. वेळा अमावस्येला, आम्ही तिला येळवस म्हणतो, सगळा गाव शेतात जेवायला जातो. कडब्याची खोप करायची, भाज्या-शेंगांची भज्जी आणि आंबील न्यायची, आणि वाटेनं जाईल त्याला ओढून जेवायला बसवायचं. अप्पा पंगतीत आपल्या शेजारी एक पान रिकामं मांडायचे. त्यावर सगळं वाढायचे. जेवणं उरकली की ते पान उचलून बैलांपुढं ठेवायचे, आणि याविषयी कुणी बोलायचं नाही.

मग तो भाद्रपद आला.

मांजरेच्या काठच्या एका खेड्यातून निरोप आला, पहिलटकरीण अडलीय. आम्ही सकाळीच निघालो. पोचून मी पोरीला तपासलं आणि लगेच कळलं, हे माझ्या हातचं नाही, मूल आडवं आहे, बिदरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं पाहिजे. जीपच्या मागच्या भागात गादी टाकून तिला निजवलं. आणि तिथं घोडं अडलं. मी मागं पोरीजवळ बसायला हवं होतं. मग पुढं दांडा कोण धरणार?

"मी धरतो की," पोरीचा सासरा म्हणाला. चांगला माणूस, घाबरून अर्धा झालेला. अप्पांनी त्याला दाखवलं, कुठं धरायचं, कसं दाबायचं, सटकला तर आधी गाडी थांबू द्यायची आणि मगच परत घालायचा. तो मान हलवत होता. त्याचं अर्धं लक्ष मागं कण्हणाऱ्या सुनेकडं.

बिदरच्या वाटेवर जनवाड्याच्या अलीकडं एक ओढा आहे. पाणी फार नव्हतं, पण उतार आणि चढ दोन्ही निव्वळ लोणी. जीप खाली उतरली, पाण्यातून निघाली, चढाला लागली. पोरीनं एक मोठी किंकाळी फोडली. सासऱ्यानं मान वळवली आणि दांडा निसटला. जीप मागं सरायला लागली. त्या बिचाऱ्यानं भीतीनं दोन्ही हातांनी दांडा होता तसा, चालत्या गाडीत, आत रेटला.

कडाड् असा आवाज झाला. मग गाडीचं इंजिन चालू होतं आणि चाक एकही फिरत नव्हतं.

भर दुपारी मी ओढ्याच्या चिखलात उभी राहून शेताशेतातून हाका मारल्या. एक बैलगाडी मिळाली. त्या गाडीला बिदरला पोचायला जितका वेळ लागायचा तितका लागला. मी वाटेत काय केलं आणि काय करता आलं नाही ते सांगत बसत नाही. डॉक्टरीणबाईंनी पोरीला वाचवलं. मूल गेलेलं होतं. मुलगा होता, पूर्ण वाढलेला, डोक्यावर दाट जावळ.

अप्पा सगळा रस्ता बैलगाडीच्या मागं चालत आले होते. दवाखान्याच्या पायरीवर बसले होते, गुडघ्यापर्यंत चिखल. मी बाहेर आले आणि जे मनात होतं ते बोलले. नरम करून बोलायला मला तेव्हा सुचलं नाही आणि आजही तसं बोलायला हवं होतं असं वाटत नाही.

"अप्पा, लेकरू गेलं."

त्यांनी वर बघितलं.

"तुमच्या दोस्ताची वाट तुम्ही बगायलाव. बगा. पर ती वाट माझ्या बायकांच्या अंगावरून जायलीय."

त्यांनी गुडघ्यावरचा चिखल बोटानं खरवडला. मग म्हणाले, "मी उगडलो तर तेंचा शब्द मोडतो बाई. तेंनी माझी पूजा मोडली न्हाई. मी तेंचा येवढा शब्द कसा मोडू?"

"तुम्हाला मोडायला कोन सांगायलंय? तेंच्या घरच्यांना इचारा. भाबी हाईत की."

"कोनत्या तोंडानं जाऊ?"

"हाय त्याच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्या गल्लीत गेलो. अप्पांनी दवाखान्याच्या हौदावर अंघोळ केली होती, पण धोतराचा चिखल गेला नव्हता. दारावरचा पडदा बाजूला करून एक बारीकशी बाई बाहेर आली. हातात सुई होती, रजया शिवायची ती. अप्पांनी हात जोडले. ते खाली घेतलेच नाहीत.

तिनं त्यांच्या तेलकट मनगटांकडं बघितलं.

"अप्पा?" ती म्हणाली. "अंदर आओ."

आत एक खोली, एक लाकडी बाज. ती पाणी आणायला गेली आणि तांब्या हातात घेऊन मधेच थांबली. अप्पा लिंगायताच्या घराबाहेर पाणी पीत नाहीत हे तिला नवऱ्याकडून ठाऊक असणार. "हमारे घर का पानी..." असं काहीतरी ती पुटपुटली. अप्पांनी ओंजळ पुढं केली. ते घटाघट पाणी प्यायले आणि ओले हात डोळ्यांवरून फिरवले.

"भाबी," ते म्हणाले, "मिस्त्री डब्बा बंद करके गए थे. बोले थे, मैं आए बगैर खोलना नै. मैं खोला नै. कल वो टूट गया. एक बच्चा मर गया उसके पीछे." त्यांनी डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. "तुम बोलेंगे तो खोलता. तुम नक्को बोले तो गाडी ऐसीच पडी रहने देता."

ती बाजेच्या कडेवर बसली. सुई तिनं ओढणीच्या टोकाला टोचून ठेवली.

"मैं चूडियाँ उतार दी अप्पा," ती म्हणाली. "पिछले रमजान में. उनो नै आते. मेरे कू मालूम है. तुमकू भी मालूम है."

अप्पांनी हे वाक्य ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. इतक्या वर्षांत हे त्यांच्यासमोर कुणीतरी पहिल्यांदा बोललं होतं, आणि जिला बोलायचा हक्क होता तीच बोलली होती.

मग ती उठली. बाजेखाली वाकून तिनं गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी ओढायला सुरुवात केली. ते हलेना. मी पुढं होऊन हात लावला. जमिनीवर घासत बाहेर आलं, आणि तिनं गोणपाट सोडलं.

आत धाकटा डबा होता. दुसरा. तस्साच, पण कोरा वाटावा इतका स्वच्छ. कुठं गंजाचा ठिपका नाही. मी आतल्या चाकावर बोट फिरवलं, आणि त्या खोलीत आमच्या परसातला वास सुटला, एरंडेलाचा.

"उनोच ला के रखे थे," ती म्हणाली. "बोले, एरंडी का तेल जमता है, वो डब्बा एक दिन जाएगा, अप्पा तकलीफ में पडेंगे. इसलिए पहलेच धो-पोंछ के रखे. मेरे कू बोले, अप्पा के हात में देना, और किसी के हात में नक्को. दूसरे लोगां ग्रीस भर देते."

"गाडीवान यायचा की," अप्पा म्हणाले. त्यांना मराठी-दखनीचं भान राहिलं नव्हतं. "तेच्याबरोबर सांगावा का धाडला न्हाई?"

"तुम्हारे हात में देना बोले थे ना. मैं बोली, आएंगे. आज नै तो कल आएंगे." तिनं गोणपाटाची घडी घातली. "तुम आएच नै."

अप्पांनी डब्यावर हात ठेवला. तेलात भिजलेलं बोट नाकाशी नेलं, मग सवयीनं जिभेवर. आणि मला त्यांचा चेहरा बदललेला दिसला.

"हे आमच्या घरचं हाय," ते म्हणाले. "अक्काच्या हातचं."

"तुम भेजते थे ना हर साल. खाने का तेल मैं खाई. एरंडी का इसकू लगाई. लोहा सूखा तो जंग खाता, बोले थे उनो."

अप्पा रडले. मोठ्यानं, लाज न धरता, बाजेच्या पायाला धरून. ज्या घराच्या वाटेवर ते मान खाली घालून गाडी पळवायचे त्या घरात त्यांच्याच तेलानं त्यांच्यासाठी डबा जपला जात होता. मी इतकी वर्षं त्या डब्याला शिव्या घातल्या होत्या. मीही रडले.

बिदरच्या एका कारागिरानं जनवाड्याजवळ येऊन मोडका डबा उतरवला आणि हा बसवला. मोडका उघडला तेव्हा आम्ही दोघं वाकून बघत होतो. आत तुटलेले दाते आणि काकवीसारखं घट्ट झालेलं एरंडेल, बाकी काही नाही. कारागिरानं विचारलं, भंगारात देऊ का? अप्पांनी नको म्हटलं आणि तो मिस्त्रींच्या घरी नेला. भाबीनं बाजेखालची जागा दाखवली. "इधरच रख दो," म्हणाली. "खाली खाली दिसती जागा." नव्या डब्यात एरंडेल अप्पांनी स्वतः ओतलं, आणि तेल बदलायचं कधी ते कारागिराला विचारून घेतलं. दर पावसाळ्याआधी उघडून धुवायचा असं ठरलं, आणि तो नेम त्यांनी चुकवला नाही.

त्या वर्षीच्या येळवसला अप्पा सकाळीच बिदरला जाऊन भाबीला घेऊन आले. पंगतीत शेजारचं पान मांडलं. त्यावर ती बसली. अक्कांनी तिला भज्जी वाढली, आणि आणखी वाढली, आणि ती पुरे म्हणेना आणि अक्का थांबेनात.

देवघराचं दार मात्र उघडंच राहिलं. मला वाटलं होतं, आता तरी बंद होईल.

पुढं राज्यं बदलली. हैदराबाद संस्थानचे तीन तुकडे झाले, बिदर भालकीसकट म्हैसूरकडं गेलं, आणि आम्ही मराठवाड्याची माणसं मुंबईकडं. मला उदगीरला हजर व्हायचा हुकूम आला. गाडी सकाळची होती. अक्कांचा निरोप मी आदल्या संध्याकाळीच घेतला होता. अप्पांचा घ्यायचं धाडस होत नव्हतं. ते पूजेला बसलेले असतील तेव्हा हळूच निघायचं असं मी ठरवलं. ट्रंक उचलली, चपला हातात घेतल्या, आणि अनवाणी चौक ओलांडायला लागले. पाऊल वाजू दिलं नाही.

"कोन जायलंय?"

मी जागीच थांबले. इतकी वर्षं "कोन आलंय" ऐकलं होतं. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

अप्पा लिंग वस्त्रात बांधत देवघरातून बाहेर आले. माझ्या हातातल्या चपलांकडं त्यांनी बघितलं.

"मीच हाय अप्पा," मी म्हणाले. "बसा तुम्ही. माझ्यापायी पूजा मोडली."

"पूजा मोडली तर परत मांडता येती, बाई," ते म्हणाले. "चपला घाला. जीप काडतो."

स्टेशनपर्यंतचा रस्ता कोरडा आणि सपाट होता. धाकट्याचं काहीच काम नव्हतं, आणि त्याचा दांडा आता धरावाही लागत नव्हता. तरी मी उजवीकडं बसून स्टेशन येईपर्यंत त्याच्यावर दोन्ही हात ठेवून होते, आणि अप्पांनी ते काढायला सांगितलं नाही.